मागून हाक

हॉर्न आधी मला ऐकू आला. मी शिरूरला, घराच्या ओट्यावर, मांडीत मेथीची जुडी, जुडीला टेकवलेला फोन. आणि ती कारेगावच्या अलीकडं, हमरस्त्यावर, स्कूटीवर. हॉर्न तिच्या पाठीशी वाजत होता आणि ऐकत होते मी. मोठ्या गाडीचा, फाटक्या घशाचा, लांबलचक हॉर्न. एकदा वाजला तेव्हा मी बोलत होते. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही मी बोलतच होते, कारण बोलणं मधे तोडायची मला सवय नाही. थांबायचं ते समोरच्यानं. भाग्यश्री, माझी नात, म्हणाली, "हां आजी, ऐकतीय." हॉर्न ऐकलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. तो माझं ऐकणाऱ्या माणसाचा आवाज होता. मग पत्रा फरपटल्यासारखं काहीतरी झालं, मग धप्पकन, मग नुसता वारा. फोन चालूच. वाऱ्यातून उसाच्या ट्रॅक्टरवरची धडाधडा गाणी लांब लांब गेली. मग एक गडीमाणूस ओरडला, "ओ ताई! ओ ताई!" आणि फोन बंद पडला. मेथीचं एक पान माझ्या दोन बोटांत होतं. ते खुडायचं राहून गेलं.

परत लावला. वाजत राहिला. परत लावला. सतीश, माझा मुलगा, एसटी डेपोत मेकॅनिक, तो पहाटेच गेलेला. सून अनिता न्हाणीत होती. तांब्यातून पाणी पडल्याचा आवाज मला स्वच्छ येत होता. एक हाक मारली असती तर ओलेत्यानं धावत आली असती. मारली नाही. उभ्या गल्लीला ज्या ताईबाईचा आवाज माहीत आहे, नळावर मी खाकरले तरी बायका घागर सरकवतात, त्या माझ्या तोंडून हाक फुटेना. काय सांगणार होते? की बाई, तू काल वरणाला मोहरी जाळलीस, माहेरी तुला कुणी फोडणी शिकवली नाही, हे मी तुझ्या लेकीला सांगत होते, आणि ते सांगता सांगता तुझी लेक पडली? न्हाणीतलं पाणी पडत राहिलं. मी उठून उंबऱ्यात आले. समोर रिकामा रस्ता, त्याच्या टोकाला पाण्याची टाकी, टाकीपाशी वळण. रोज सकाळी साडेसातला ती त्या वळणावर दिसेनाशी होते. आणि मी फोन हातात घेते.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर दोन दिवस मी हे कुणालाच सांगितलं नाही. आमच्या घरात एक रीत आहे, मी लावलेली. घराबाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. काही राहिलं तर राहिलं. लेकीबाळींना, जावयाला, दाराशी आलेल्या पाहुण्यालासुद्धा मी ती पाळायला लावली. भाग्यश्री चिडवायची, "आजी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हाय आन् तू असलं काय काय मानतीस?" मी म्हणायची, "हे देवाधर्माचं न्हाई गं भवाने, हे रेल्वेचं हाय." ती हसायची, हेल्मेट चढवायची, किल्ली फिरवायची. आणि नेमकं त्याच वेळेला मला सतरा गोष्टी आठवायच्या. येताना जिरं आण. काल शेजारीण काय म्हणाली ते. तुझ्या बापाच्या गुडघ्याचं तेल संपलंय. सगळं जिभेच्या टोकावर यायचं आणि मी दात मिटून घ्यायची. रीत म्हणजे रीत. टाकीच्या वळणावर स्कूटी गेली की मग मी नंबर लावायची. फोनवरून मारलेली हाक मागून कशी होईल? फोन तर कानात असतो. माझ्या हिशेबी मी रीत पाळत होते. वर्षभर, रोज, हमरस्त्यावर चालणाऱ्या पोरीच्या कानात बोलून.

पहिल्या महिन्यात ती गाडी चालवताना फोन उचलायची नाही. मी दुसऱ्यांदा लावायची, तिसऱ्यांदा लावायची. संध्याकाळी ती आली की मी जेवायची नाही. "म्हातारी मेली तरी फोन उचलणार न्हाईस," असं एकदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं त्या पांढऱ्या वायरी आणल्या, हेल्मेट घालायच्या आधी कानात बसवल्या, आणि मला म्हणाली, "घे, आता कवाबी कर." मला काय आनंद झाला. गल्लीत सांगत सुटले, नात पहिल्या रिंगला उचलते म्हणून. गाणी ऐकायला घेतल्या नव्हत्या त्या पोरीनं. माझ्यासाठी घेतल्या होत्या. उंबऱ्यात उभी राहून, टाकीकडं बघत, मी हे पहिल्यांदा नीट बघितलं. चौकटीला धरलं. चौकट गार होती. तसाच गार लोखंडी खांब दौंडच्या क्वार्टरच्या दाराला होता.

दौंडला आम्ही एकतीस वर्षं काढली. हे, म्हणजे शंकरराव, रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होते. लग्न होऊन गेले तेव्हा मी सतरा वर्षांची, दुसरीपर्यंत शाळा, आणि तोंड आतापेक्षा तिखट. क्वार्टरच्या मागच्या दारातून रूळ दिसायचे, रूळ मोजता मोजता डोळे थकायचे. एकदा मी बघितलं, गँगमधली चार माणसं वाकून घाम गाळतायत, आणि आमचे हे बाजूला नुसते उभे. गळ्यात शिट्टी, काखेत लाल झेंडी. दोन तास उभे. संध्याकाळी मी पाणीसुद्धा न देता म्हणाले, "लोकांचे नवरे राबतात, माझा खांबासारखा उभा राहतो. लाज वाटली मला." ते चिडले नाहीत. हात धुतले, खाली बसले आणि म्हणाले, "आगं, मी उभा राहतो म्हणून ते वाकू शकत्यात." मला तेव्हा कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं की शिट्टीवाल्यानं लायनीवर काही करायचं नसतं. विडी ओढायची नाही, गुणगुणायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. त्याचे कान त्याचे नसतात, वाकलेल्या चौघांचे असतात. एका दिशेनं मालगाडी धडधडत गेली की तिच्या आवाजाखाली दुसऱ्या दिशेची गाडी लपून येते. ती लपलेली गाडी ज्याला ऐकू येते तो खरा शिट्टीवाला. रात्री झोपेतसुद्धा त्यांची मान डावी-उजवी व्हायची. मी हसायची.

मग भारतचं झालं. भारत आमच्या ओळीत तिसऱ्या क्वार्टरला, नवीन भरती झालेला, वर्षभराचं लग्न. त्या सकाळी तो भाकरी विसरला. गँग रूळ ओलांडून पलीकडं निघालेली. त्याची बायको फडक्यात भाकरी घेऊन धावली आणि अलीकडूनच ओरडली, "आवो! भाकरी!" भारतनं वळून बघितलं. हसला. मला त्याचं हसू दिसलं, मी माझ्या मागच्या दारात होते. एका लायनीवर मालगाडी चाललेली, आणि दुसऱ्या लायनीवरून सुटं इंजिन उलटं येत होतं. आमच्या ह्यांनी शिट्टी मारली. भारतचा कान बायकोकडं होता. शिट्टी उभ्या दौंडनं ऐकली, त्यानं नाही. त्याच्या बायकोला मी धरलं होतं. भाकरीचं फडकं तिच्या हातात शेवटपर्यंत घट्ट होतं, कुणाला सोडवता येईना. तेराव्या दिवसानंतर बन्सी मुकादमाच्या झुंबरबाईनं आम्हा सगळ्या बायकांना नळावर गोळा केलं. मोठी दांडगी बाई, कपाळावर आठ आण्याएवढं गोंदण. म्हणाली, "पोरींनो, आजपास्नं घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक न्हाई. भाकरी राहिली तर राहिली. उपाशी माणूस सांजच्याला घरी येतो." एवढंच म्हणाली आणि घागर उचलून गेली. ती रीत आम्ही पाळली. आमचे हे कितीतरी वेळा उपाशी राहिले आणि तितक्या वेळा घरी आले. पेन्शन घेतली, शिरूरला हे घर बांधलं, आणि पाच वर्षांपूर्वी ह्याच घरात, आपल्या अंथरुणात, दोन्ही बाजूंना माणसं असताना गेले. आणि मी त्यांच्या माघारी त्यांच्या नातीच्या कानात बसून... पुढचं मला मनातसुद्धा बोलता येईना. न्हाणीतलं पाणी थांबलं.

फोन वाजला. नाव वाचायला मला वेळ लागतो, पण तिचा फोटो दिसला. मी कानाला लावला. पलीकडून गडी म्हणाला, "हॅलो, आजी हेडऑफिस का?" मला वाटलं चुकीचा नंबर. "न्हाई, ह्या ताईच्या फोनात तसंच नाव हाय, आजी हेडऑफिस. मी पोपट, कारेगावच्या अलीकडं पंक्चरचं दुकान हाय माझं. घाबरू नका मावशी. पोरगी उभी हाय. कोपर फुटलंय, गुडघा सोललाय. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. गाडीचा पुढचा मोहरा गेलाय." मी म्हणाले, "तिला बोलू द्या." तिनं फोन घेतला.  मग म्हणाली, "आजी, तू जेवलीस का?" असलं काहीतरी. मी म्हणाले, "मेथी निवडतीय." आणि तिथंच ओट्यावर बसले ती अनितानं येऊन हलवेपर्यंत.

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर होता, मागून कंटेनर ओलांडायला बघत होता, ही मधे. कंटेनरनं दोनदा हॉर्न दिला. हिनं बाजूला व्हायचं तर ही सरळच. ट्रॉलीतून बाहेर आलेले उसाचे शेंडे हेल्मेटवर घासले तेव्हा हिला जाग आली, आणि हिनं गाडी साईडपट्टीच्या मातीत घातली. ट्रॅक्टरवाला त्याच्या गाण्यात, त्याला पत्ताच नाही. पोपटरावांनी तिला आधी दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी घरी आणून सोडताना सतीशला हे सगळं सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले, "कानात वायरी होत्या साहेब. आजकाल सगळीच पोरं गाणी ऐकत चालवत्यात." सतीशनं ते उचललं. माणसाला भीती वाटली की त्याला काहीतरी हातात धरायला लागतं, त्याच्या हाताला ते लागलं. "गाणी! कानात बोळे घालून गाणी ऐकायची आन् आम्ही हितं जीव मुठीत धरून बसायचं. बास झाली नोकरी. गाडी विकायची. घरी बस, स्थळं येतायत ती बघ." भाग्यश्री कॉटवर बसलेली, कोपराला पट्टी. तिची नोकरी रांजणगावच्या एका कंपनीत, क्वालिटीत. ट्रेनी म्हणून वर्ष झालं होतं, मार्चमध्ये कायम करणार होते. साहेबानं सांगितलं होतं आणि त्या दिवशी तिनं गल्लीभर पेढे वाटले होते. तिनं तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की पप्पा, गाणी नव्हती, आजी होती. पण ते ती म्हणाली नाही. मान खाली घालून पट्टीचं टोक खालीवर करत राहिली. एकदाच माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात मागणं नव्हतं, राग नव्हता. नुसतं बघितलं, जसं ऊन आलंय का बघतात. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "बाप सांगतोय त्यात काय चूक हाय? ह्या पोरींच्या कानात सदा बोळे." मी म्हणाले. ह्याच तोंडानं.

दोन दिवस तोंडाला चव नव्हती. चहा पुळचट, भाकरी लाकडासारखी. गल्लीतल्या बायका भाग्यश्रीला बघायला आल्या, जय भीम करून टेकल्या, आणि प्रत्येकीनं मोबाईलला शिव्या दिल्या, आणि प्रत्येकीला मी दुजोरा दिला. आणि प्रत्येक दुजोऱ्याला कॉटवरचं ते पांघरूण थोडं हलायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर झोपलेली, अनिता अंगणवाडीत. तिच्या जर्किनच्या खिशातून त्या पांढऱ्या वायरी लोंबत होत्या. एका बोंडाला माती. मी पदरानं पुसलं आणि दोन्ही बोंडं माझ्या कानात घातली. फोनला जोडलेल्या नव्हत्या, काहीच वाजत नव्हतं, तरी जग गेलं. म्हणजे भिंती होत्या, पंखा फिरत होता, खिडकीत चिमणी चोच उघडत होती. पण सगळं कुणीतरी काचेपलीकडं ठेवल्यासारखं. आत नुसती माझी मी. माझं गिळणं, माझा श्वास, माझ्या रक्ताची भुणभुण. मला आयुष्यभर वाटत आलं की मी बोलते म्हणजे जगाशी बोलते. आणि हे बोंड घातल्यावर कळलं, मी त्या पोरीच्या कानात अशी होते. दुसऱ्या कशाला जागाच नव्हती. कंटेनरनं काय करायचं होतं, आणखी किती ओरडायचं होतं? डोळे मिटले तर पुढ्यात हे उभे, गळ्यात शिट्टी, काखेत झेंडी, गाल फुगवून शिट्टी मारतायत आणि आवाज येत नाही. किती वेळ गेला कोण जाणे. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकले. भाग्यश्री उठून लंगडत आली होती. तिचे ओठ हलत होते. मी बोंडं काढली. "आजी, कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. करपलं वाटतं." डाळ मीच लावली होती. तळाला कोळसा झाली होती. तिनं कुकरात वाकून बघितलं. तिच्या गालाला खळी पडलेली मला दिसली, आणि दोन दिवसांनी मला भूक लागली.

रविवारी सकाळी गल्लीतला खंडू गाडी बघायला आला. स्कूटीचा मोहरा नवीन बसवून आणला होता सतीशनं. गाडी विकायची तर धड दिसली पाहिजे. दाराशी खंडू गुडघ्यावर बसून टायर दाबत होता, सतीश कागद घेऊन उभा, अनिता चहाचे कप घेऊन उंबऱ्यात. भाग्यश्री आत कॉटवर, पाठमोरी. मी ओट्यावर, माझ्या जागेवर. खंडू म्हणाला, "गाडी पळती का मस्त?" सतीश म्हणाला, "पोरगी रोज घेऊन जायची." जायची. तो शब्द मला रुळाच्या खडीसारखा टोचला. पोरगी जायची, आता जात नाही. तिच्या नोकरीला, तिच्या मार्चला, तिच्या हेल्मेटखालच्या त्या ताठ मानेला, सगळ्याला त्यानं एका शब्दात मागं टाकलं, आणि मी ते त्याला करू देत होते, कारण त्यात माझं तोंड वाचत होतं. मी आयुष्यात कधी कुणाची माफी मागितलेली नाही. सासूची नाही, नवऱ्याची नाही. कशी मागतात तेच माहीत नव्हतं, म्हणून मी भांडल्यासारखीच बोलले.

"खंड्या, टायर सोड. गाडी विकायची न्हाई."

"आये, तू मधी बोलू नको," सतीश म्हणाला.

"मीच बोलणार. मी बोलले म्हणूनच हे झालंय. तिच्या कानात गाणी न्हवती. मी होते."

खंडू टायरवरचा हात काढायचं विसरला. सतीश म्हणाला, "म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी? फोन माझा होता. रोज करते. टाकीच्या वळणाला गेली की करते. न्हाई उचलला की रुसते. म्हणून तिनं त्या वायरी आणल्या. हॉर्न मी ऐकला, दोनदा ऐकला, तरी माझं तोंड चालूच होतं. पोरगी दोन दिवस तुमच्या शिव्या खातीय, माझं नाव घेत न्हाई. आन् मी, शिट्टीवाल्याची बायको, गप बसलेय."

आतून भाग्यश्रीचा आवाज आला, "आजी, राहू दे की."

"का राहू दे? बस झालं राहू दे."

सतीश पायरीवर बसला. हातातले कागद त्यानं गुंडाळले, परत उलगडले. त्याचा बाप रागावायच्या आधी असाच हातातलं काहीतरी गुंडाळायचा. पण रागावला नाही. बारीक आवाजात म्हणाला, "एवढं काय महत्त्वाचं बोलत होतीस गं आये?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. दोन रात्री मी ह्याच प्रश्नापायी ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाले होते. अनिता उंबऱ्यात, हातात ट्रे. बावीस वर्षं ह्या बाईनं माझ्या हाताखाली काढली, माझ्या एका शब्दाला उलट शब्द दिला नाही, आणि तिच्या पोरीच्या कानात मी तिचीच... मी तिच्याकडं बघितलं नाही. मेथीच्या टोपलीकडं बघून म्हणाले, "तुझ्या बायकोनं वरणाची मोहरी जाळली, ते सांगत होते."

 खंडूनं चहाचा कप उचलला आणि त्यात फार वेळ बघितलं. मग अनितानं ट्रे खाली ठेवला. म्हणाली, "आत्या, मोहरी जळाली होती खरी." तिचा आवाज कापत होता, आणि मला कळेना तो रडण्याच्या बाजूला पडणार की हसण्याच्या. "पण ते मला सांगायचं की. मी तर घरातच असते. मला ऐकायला वायर लागत न्हाई." आणि ती हसली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात भाग्यश्री लंगडत दारात आली. म्हणाली, "पप्पा, सगळं आजीवर नका घालू. उचलायचा का न्हाई ते माझ्या हातात होतं. आजी रुसली असती तर रुसली असती. रुसलेली आजी दिसती तरी." मग माझ्याकडं वळून, "आन् तू, हेडऑफिस, तू सुद्धा ऐक. मी पोचल्यावर फोन करीन. तवर कुणाचाबी न्हाई घेणार. कानात काय घालणार न्हाई. तुझा आला, पंतप्रधानाचा आला, तरी न्हाई." मी म्हणाले, "पंतप्रधानाला तुझा नंबर कुठं ठावा हाय." खंडू मोठ्यानं हसला, चहा सांडला, आणि गाडी बघायचं निमित्त संपल्यावर घरी गेला. सतीशनं कागद कपाटात ठेवले. दुपारी त्यानं स्कूटीचे दोन्ही आरसे पुसले, पाना घेऊन घट्ट आवळले, आणि मागं उभा राहून हाताचं बोट दाखवत तिला विचारलं, "किती दिसतंय?" ती म्हणाली, "सगळं."

त्या संध्याकाळी मी तिला झुंबरबाईचं सांगितलं. भारतचं, भाकरीच्या फडक्याचं. एवढ्या वर्षांत रीत सांगितली होती, का ते सांगितलं नव्हतं. विचारलं की "रेल्वेचं हाय" म्हणून पुढचं गिळायची; ते हसू परत बघायची माझी तयारी नव्हती. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "आबांची शिट्टी कुठं हाय?" ट्रंकेत होती, पितळेची, काळी पडलेली. तिनं चिंच लावून घासली आणि किल्लीच्या कडीत अडकवली. वाजवायला नाही. हाताला लागावी म्हणून, म्हणाली.

पट्टी निघाली त्या सोमवारी ती निघाली. काळं जर्किन, हेल्मेट, कान मोकळे. पांढऱ्या वायरी माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात. सतीशनं ड्युटीला उशीर केला होता, बघण्यासाठी. मग लाजून आधीच निघून गेला. तिनं किल्ली फिरवली, शिट्टी दांडीवर किणकिणली, आणि ती गेली. टाकीच्या वळणावर मागचा लाल दिवा एकदा लागला, विझला. मी वळले. ओट्यावर तिचा डबा होता.

स्टीलचा, दोन पुडाचा, वर रुमालाची गाठ. मघाशी अनितानं भरून ठेवला होता. माझा हात फोनवर गेला. मी पाठवला नव्हता, आपोआप गेला. अजून ती बोऱ्हाडे मळ्याच्या पुढं नसेल. एका मिनिटाचं काम. डबा राहिलाय, माघारी फिर. जिभेच्या टोकावर ते गरम होऊन बसलं. मी फोन उचलला, आणि अनिताच्या पिठाच्या डब्यात, पिठावर, ठेवून झाकण लावलं. मग ओट्यावर येऊन जेवणाच्या डब्याशेजारी बसले. अर्धा तास म्हणजे किती असतो हे मला त्या दिवशी कळलं. सुरुवातीला नुसतं माझंच आत चाललेलं, भुणभुण, भुणभुण. मग हळूहळू ते खाली बसलं. टाकी भरून वाहायला लागली ते ऐकू आलं. बायपासवरून जड गाडी गियर बदलत चढली ते. पलीकडच्या घरात कुणी लसूण ठेचत होतं. तीन ठोके, थांबा, तीन ठोके. घरात अनिता फडताळ आवरत होती. इतकी वर्षं मी ह्या ओट्यावर बसते, आणि ह्यातलं काही मी कधी ऐकलं नव्हतं, कारण मी बोलत होते. माझी मान डावीकडं गेली, उजवीकडं गेली. हातात झेंडी नव्हती, गळ्यात शिट्टी नव्हती. पण बसल्या जागी मी ह्यांच्यासारखी उभी होते, म्हणून कुणीतरी तिकडं निवांत चालू शकत होतं. तुमचं काम मला आता कळलं, मी ह्यांना म्हणाले.

पिठाच्या डब्यात फोन वाजला. झाकण काढलं, पीठ उडालं, कानाला लावला.

"आजी, पोचले."

"हं."

"माझा डबा ओट्यावर राहिलाय का गं?"

"राहिलाय."

"कवा दिसला तुला?"

"तू टाकीच्या वळणाला होतीस तवा."

 तिच्या मागं माणसं येत-जात होती, कुणीतरी हिंदीत कुणाला तरी बोलावत होतं. मग हळूच म्हणाली, "आन् तू फोन न्हाई केलास?"

"न्हाई केला."

"आजी, मग आता मी काय खाऊ?"

"काही नको खाऊस. उपाशी माणूस सांजच्याला घरी येतो."

ती हसली. मोकळी, कानाला दुखेल एवढ्या मोठ्यानं. "कँटीन हाय की गं आमच्यात. डब्यात काय होतं ते तरी सांग."

मी रुमालाची गाठ सोडली, वरचा पूड उघडला, वरणात बोट बुडवून जिभेला लावलं. मग तोंडापाशी हात धरून, आवाज खाली घेऊन म्हणाले, "तुझ्या आईचं वरण. मीठ जरा कमी हाय. पण फोडणी जमलीय हं. तिला सांगू नकोस."

"ऐकलं मी, आत्या," अनिता आतून म्हणाली.